इंग्रजीतील साधा आणि अपूर्ण भविष्यकाळ

पुढे घडणाऱ्या क्रियेविषयी बोलण्यासाठी इंग्रजीत अनेक रचना आहेत. त्यांपैकी साधा भविष्यकाळ आणि अपूर्ण (किंवा चालू) भविष्यकाळ या दोन रचना शालेय व्याकरणात जोडीने शिकवल्या जातात. पहिल्या रचनेत क्रिया एक संपूर्ण घटना म्हणून मांडली जाते, तर दुसरीत ती भविष्यातील एखाद्या क्षणी चालू असल्याचे दाखवले जाते. मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांना त्यांची ओळख ‘मी लिहीन’ आणि ‘मी लिहीत असेन’ या रूपांवरून करून दिली जाते. ही जुळणी उपयुक्त असली, तरी अपूर्ण भविष्यकाळाचा एक महत्त्वाचा उपयोग तिच्यात बसत नाही.

रचना

साध्या भविष्यकाळात ‘विल’नंतर मूळ क्रियापद येते (आय विल राइट). अपूर्ण भविष्यकाळात ‘विल बी’नंतर क्रियापदाचे ‘इंग’ प्रत्ययान्त रूप येते (आय विल बी रायटिंग). प्रथमपुरुषी कर्त्याबरोबर ‘शॅल’ वापरण्याचा जुना नियम आता फारसा पाळला जात नाही. मराठीत ‘जाईन, जाशील, जाईल’ अशी क्रियापदाचीच रूपे बदलतात. इंग्रजीत तसे होत नाही, सहायक क्रियापदावर काम भागते. त्यामुळे इंग्रजीला स्वतंत्र भविष्यकाळ नाहीच, अशी भूमिका ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने व पुढे इतरांनीही घेतली. शालेय परंपरेत मात्र ‘भविष्यकाळ’ हे नाव टिकून आहे.

क्षण आणि क्रम

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील दृश्य घेतल्यास दोन्हींतील फरक स्पष्ट होतो. ‘व्हेन द बोट अराइव्ज, दे विल सॉर्ट द फिश’ म्हणजे बोट आल्यावर मासळी निवडण्याचे काम सुरू होईल. ‘व्हेन द बोट अराइव्ज, दे विल बी सॉर्टिंग द फिश’ म्हणजे बोट येईल तेव्हा ते काम आधीपासून चालू असेल, अर्थात आधी आलेल्या मासळीचे. पहिल्या वाक्यात दोन घटना एकामागून एक येतात. दुसऱ्यात एक घटना दुसऱ्या क्रियेच्या मध्यावर येते. दोन्ही वाक्यांत ‘व्हेन’नंतर ‘विल’ येत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. मराठीतील ‘बोट येईल तेव्हा’ या रचनेच्या सवयीने तेथे हमखास चूक होते.

हेतू आणि ठरलेला बेत

दुसरा फरक काळाचा नसून वक्त्याच्या हेतूचा आहे. ‘विल’ या शब्दात मुळात इच्छेचा अर्थ आहे आणि साध्या भविष्यकाळात तो आजही डोकावतो. वचन, बोलता बोलता घेतलेला निर्णय, विनंती व नकार यांसाठी ही रचना वापरली जाते. अपूर्ण भविष्यकाळ हा इच्छेचा रंग पुसून टाकतो आणि गोष्ट ओघानेच घडणार असल्याचे सुचवतो. जेफ्री लीच यांनी इंग्रजी क्रियापदाच्या अर्थावरील आपल्या १९७१ च्या ग्रंथात या उपयोगाची दखल घेतली आहे.

व्यवहारात हा भेद नाजूक ठरतो. कार्यालयाला पाठवलेल्या पत्रात ‘आय वोन्ट अटेंड द मीटिंग’ असे लिहिल्यास ‘मी बैठकीला येण्यास तयार नाही’ असा अर्थ घेतला जाऊ शकतो. ‘आय वोन्ट बी अटेंडिंग द मीटिंग’ हे केवळ अनुपस्थितीची सूचना देते. व्याकरणदृष्ट्या दोन्ही वाक्ये निर्दोष असल्यामुळे लिहिणाऱ्याला आपले काही चुकले आहे हे कळतही नाही.

मराठीशी तुलना

मराठीतही हा भेद आहे, पण तो वेगळ्या रूपाने व्यक्त होतो. ‘उद्या याल का?’ ही विनंती आहे; ‘उद्या येणार आहात का?’ ही बेताची चौकशी आहे. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘विल यू कम टुमॉरो?’ आणि दुसऱ्यासाठी ‘विल यू बी कमिंग टुमॉरो?’ असे म्हणता येते. म्हणजेच येथे अपूर्ण भविष्यकाळाला जवळचे रूप ‘येत असाल’ नसून ‘येणार आहात’ हे आहे. ‘उद्या तुम्ही येत असाल का?’ असे शब्दशः भाषांतर मराठी कानाला खटकते.

मराठी व्याकरणाची आधुनिक मांडणी दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ मधील ग्रंथापासून सुरू झाली आणि तिच्यावर इंग्रजी व्याकरणाचा प्रभाव मानला जातो. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. ते रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे जन्मलेल्या कवी केशवसुतांचे धाकटे बंधू होत. काळांची नावे दोन्ही भाषांत सारखी असल्याने त्यांचे उपयोगही सारखेच असतील असा समज सहज होतो.

एका बाबतीत मात्र दोन्ही भाषा खरोखरच जुळतात. ‘बाबा आता जेवत असतील’ आणि ‘ही विल बी हॅविंग लंच नाउ’ या दोन्ही वाक्यांत रूप भविष्यकाळाचे असले, तरी अर्थ वर्तमानाविषयीच्या अनुमानाचा आहे. याउलट ‘नो’ (माहीत असणे), ‘बिलॉंग’ (मालकीचे असणे) अशी स्थितिदर्शक क्रियापदे सामान्यतः अपूर्ण भविष्यकाळात येत नाहीत. ‘त्याला माहीत असेल’ यासाठी ‘ही विल नो’ हेच योग्य, ‘ही विल बी नोइंग’ नव्हे.