तळ, बूड आणि मूळ : अहवालातील शब्दांचा विवेक

दोंडाईचा परिसरातील अनेक रुग्ण धुळे किंवा नंदुरबार येथील तपासणीचा अहवाल घेऊन वैद्याकडे येतात. त्यातील ‘बेस’, ‘बेसल’, ‘फंडस’ या शब्दांचा अर्थ सरसकट ‘तळ’ असा सांगितला जातो. शब्दार्थ चुकीचा नाही. परंतु शारीरात तळ नेहमी खालीच असतो असे नाही. अनर्थ संभवतो तो येथेच.

‘फंडस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ बूड. संस्कृत परिभाषेत त्यास ‘बुध्न’ म्हणतात. हंडा पालथा धरला की तोंड खाली व बूड वर येते. गर्भाशयाची स्थिती अशीच असल्याने त्याचे बुध्न वर असते. आमाशयाचे बुध्नही अन्ननलिकेच्या जोडाच्या वर, डावीकडे असते. पित्ताशयाचे मात्र खाली, तर नेत्राचे मागे.

सोनोग्राफीत ‘प्लॅसेंटा फंडल’ असे लिहिले असता वार गर्भाशयमुखापासून दूर, वरच्या भागात आहे असे समजावे; ही स्वाभाविक स्थिती होय. ‘लो लाइंग’ किंवा ‘प्रिव्हिया’ म्हणजे वार मुखाजवळ अथवा मुखावर असणे. त्यात रक्तस्रावाचे भय असते. ‘फंडल’चा अर्थ ‘तळाशी’ असा घेतल्यास निरोगी गर्भिणी विनाकारण अंथरुणास खिळते. याउलट ‘प्रिव्हिया’कडे दुर्लक्ष करून नवव्या मासातील परिचर्या म्हणून योनिपिचु योजल्यास माता व गर्भ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. म्हणून पिचु योजण्यापूर्वी वारेचे स्थान वाचणे अनिवार्य मानावे.

फुफ्फुसाचा ‘बेस’ खाली, श्वासपटलावर टेकलेला असतो. हृदयाचा ‘बेस’ मात्र मागे व वरच्या बाजूस असून तो मुख्यतः डाव्या अलिंदाने बनतो. हृदयाचे टोक खाली व डावीकडे असते. कवटीचा ‘बेस’ म्हणजे मेंदूखालील अस्थिमय तळ. शिरोभिघातानंतर नाकातून वा कानातून पाण्यासारखा स्राव, डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळेनिळेपणा दिसल्यास या तळाच्या अस्थिभंगाची शंका घ्यावी. अशा वेळी नस्य व कर्णपूरण पूर्णतः वर्ज्य करून रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

आपल्या संहितांतील ‘स्रोतोमूल’ ही संकल्पना याहून भिन्न आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानात प्राणवह स्रोतसांचे मूळ हृदय व महास्रोतस, तर उदकवह स्रोतसांचे मूळ तालु व क्लोम सांगितले आहे. चक्रपाणी येथे मूळ म्हणजे प्रभवस्थान असा अर्थ करतात. तालु काही उदकवह स्रोतसांचा ‘तळ’ नव्हे. म्हणून ‘बेस’चे भाषांतर ‘मूळ’ असे करून संहितेतील वचन अहवालाशी जुळवू नये.

औषधिनिर्मात्यांसही हा विवेक आवश्यक आहे. मलमाचा ‘बेस’ म्हणजे आधारद्रव्य; उदाहरणार्थ, तीळतेल व मेण यांचे सिक्थतैल. रसायनशास्त्रातील ‘बेस’ला मराठीत आम्लारी म्हणतात. शालेय मराठी पुस्तकांत आम्ल व आम्लारी यांच्या संयोगाने ‘क्षार’ बनतो. तेथे क्षार म्हणजे मीठासारखा लवणवर्ग. आयुर्वेदोक्त क्षार मात्र आम्लाच्या विरुद्ध गुणाचा व दाहक असतो. लेबलावर केवळ ‘क्षार’ न लिहिता ‘यवक्षार’, ‘अपामार्गक्षार’ असे पूर्ण नाव छापावे.

सारांश, अहवाल वाचताना तीन प्रश्न विचारावेत : अवयव कोणता, त्याचे तोंड कोणत्या दिशेस, आणि शब्द स्थान सांगतो की उत्पत्ती? उत्तर निश्चित नसेल तर अहवाल देणाऱ्या तज्ज्ञास विचारून मगच चिकित्सा योजावी.