विश्लेषण : घराचा नवा रंग वर्षभरातच का पोपडतो? दिवाळीच्या घाईत भिंतीची ओल का तपासावी?

सोयाबीनची मळणी आटोपली, माल बाजार समितीत गेला आणि हातात पैसे आले, की वाशिम जिल्ह्यातील अनेक घरांत घराला बाहेरून रंग देण्याचे काम निघते. दिवाळीपूर्वी भिंती चकाचक होतात. पण पुढचा पावसाळा सरता सरता जोत्याच्या वरच्या दोन-तीन फुटांत रंगाचे पोपडे सुटू लागतात. छज्जाखाली काळे डाग येतात, भिंतीवर पांढरी भुकटी दिसते. मग दोष रंगाच्या कंपनीला किंवा रंगाऱ्याला दिला जातो. बहुतेक वेळा खरे कारण रंगामागे, भिंतीत अडकलेल्या पाण्यात असते.

रंग पोपडतो, म्हणजे नेमके काय होते?

वीट आणि सिमेंटचा गिलावा या दोन्हींत सूक्ष्म छिद्रे असतात. पावसाळाभर भिंत पाणी शोषून घेते. ऊन पडले, की हे पाणी वाफ होऊन बाहेर पडू पाहते. बाहेरच्या भिंतीसाठी वापरला जाणारा अ‍ॅक्रिलिक इमल्शन रंग वाळल्यावर प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा तयार करतो. भिंत ओली असताना हा पापुद्रा चढवला, तर आतल्या ओलीचा दाब त्यावर येतो. आधी फुगे येतात, मग पोपडे निघतात.

या पाण्यासोबत विटा, वाळू आणि मातीतील क्षारही पृष्ठभागाकडे येतात. पाणी उडून जाते आणि क्षारांचे स्फटिक मागे राहतात. यालाच ‘भिंतीला लोणा लागला’ असे म्हणतात. रंगामागे हे स्फटिक वाढले, की ते रंगालाच ढकलतात. पूर्वीच्या चुन्याच्या सफेदीला ही अडचण फारशी नव्हती. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, पण भिंतीची छिद्रे पूर्ण बंद करत नाही. तो दरवर्षी फिका पडायचा, हाताला लागायचा, मात्र त्याचे असे पापुद्रे सुटत नसत.

वाशिमच्या काळ्या मातीचा संबंध काय?

जिल्ह्याचा मोठा भाग बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीचा आहे. ही माती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया उथळ असेल, तर मातीच्या या हालचालीने भिंतीलाही तडे जातात. जुन्या घरांत जोत्यावर ओलप्रतिबंधक थर नसेल, तर जमिनीतील ओल खालून वर चढते. म्हणूनच पोपडे अनेकदा भिंतीच्या खालच्या भागात आधी दिसतात.

तडे दोन प्रकारचे असतात. केसासारख्या बारीक भेगा गिलाव्याच्या असतात, त्या भरून घेता येतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी आणि रुंद होत जाणारी भेग मात्र पायाच्या हालचालीची असू शकते. अशा भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी आणि एक पावसाळा, एक उन्हाळा निरीक्षण करावे. भेग वाढत असेल, तर रंगाऱ्याआधी अभियंत्याला बोलवावे.

दिवाळीआधीचा मुहूर्त का अडचणीचा?

विदर्भातून मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो. दिवाळीची तारीख मात्र बदलत असते. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, तर २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. म्हणजे एका वर्षी भिंतीला वाळायला महिनाभर मिळतो, तर दुसऱ्या वर्षी जेमतेम आठवडा-दीड आठवडा. दिवाळी लवकर असलेल्या वर्षी केलेले रंगकाम लवकर बिघडण्याची शक्यता त्यामुळे अधिक असते.

लग्नसराईच्या एप्रिल-मे महिन्यांत भिंत कोरडी असते, पण तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. तापलेल्या भिंतीवर रंग नीट पसरण्याआधीच सुकतो, ब्रशचे पट्टे दिसतात आणि पकड कमी राहते. त्या दिवसांत रंग द्यावाच लागला, तर उन्हाच्या उलट फिरावे. पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर. सर्वांत सोयीचा काळ म्हणजे नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. थंडीत सकाळचे दव उडाल्यावर काम सुरू करावे आणि संध्याकाळचा गारवा पडण्याआधी थांबवावे.

भिंत वाळली का, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

यासाठी यंत्र लागत नाही. एक फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावे आणि २४ तास ठेवावे. आतून पाण्याचे थेंब दिसले, तर भिंत अजून ओली आहे. ही चाचणी जोत्याजवळ, छज्जाखाली आणि न्हाणीघराच्या बाहेरच्या बाजूला जरूर करावी.

जुना रंग टिकाऊ आहे का, हे पाहण्यासाठी चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी. पट्टीसोबत रंग आला, तर तो खरवडलाच पाहिजे. काळे कापड घासल्यावर पांढरी भुकटी लागली, तर ती पूर्ण काढल्याशिवाय नवा रंग धरणार नाही. लोणा मात्र आधी कोरड्या ब्रशनेच काढावा. थेट पाणी मारल्यास क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात.

नव्या घराला किती दिवसांनी रंग द्यावा?

ताजा सिमेंट गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो. त्यावर तैलरंग दिल्यास रंगातील तेलाचा अक्षरशः साबण होतो आणि थर चिकट होऊन सुटतो. त्यामुळे गिलाव्याला नीट पाणी मारून झाल्यावर किमान २८ दिवस थांबण्याची पद्धत आहे. मध्येच पाऊस झाला, तर आणखी थांबावे. पाणी मारायला खारट बोअरचे पाणी टाळावे.

त्यानंतरचा क्रम ठरलेला आहे. आधी गच्ची, पॅरापेट आणि पावसाळी पाइपची गळती बंद करणे, मग भेगा भरणे, गरजेपुरती पुट्टी, प्रायमरचा एक हात आणि रंगाचे दोन हात. बाहेरच्या भिंतीला पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लागते. आतल्या खोल्यांसाठीची अ‍ॅक्रिलिक पुट्टी पावसात टिकत नाही. पैसे वाचवण्यासाठी सर्वांत आधी प्रायमर गाळला जातो आणि तिथेच घोटाळा होतो.

रंग किती लागेल, हिशेब कसा करावा?

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट आहे. सपाट प्रदेशात त्यासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरलेले होते. एवढ्याच घराचे उदाहरण घेऊ. बाहेरून १८ बाय १८ फूट मापाच्या घराचा घेर ७२ फूट होतो. जोत्यापासून पॅरापेटच्या टोकापर्यंत उंची १३ फूट धरली, तर ७२ गुणिले १३ म्हणजे ९३६ चौरस फूट. त्यातून एक दार आणि तीन खिडक्यांचे ५७ चौरस फूट वजा केले, की सुमारे ८८० चौरस फूट उरतात.

गुळगुळीत भिंतीवर एका लिटरमध्ये दोन हातांसाठी सुमारे ५० चौरस फूट धरले, तर साधारण १८ लिटर रंग लागेल. प्रायमरला लिटरमागे १०० चौरस फूट धरल्यास ९ लिटर. खडबडीत गिलावा यापेक्षा जास्त रंग पितो. रंगारी सांगतो तो आकडा यापेक्षा फार कमी असेल, तर रंगात डब्यावर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त पाणी घातले जाणार आहे का, हे आधीच विचारावे. दोन हातांमध्ये साधारण चार ते सहा तासांचे अंतर हवे. गडद रंग उष्णता जास्त शोषतो आणि लवकर विटतो, हेही रंगछटा निवडताना लक्षात ठेवावे.

लाकडी दरवाजे आणि लोखंडी ग्रिलचे काय?

सागवानी दारे-चौकटी पावसाळ्यात ओल घेऊन फुगतात. दार अजून अडकत असेल, तर लाकूड वाळलेले नाही, पॉलिश थांबवावे. कारंज्यासारख्या जुन्या गावांतील वाड्यांच्या लाकडावर जाड तैलरंग चढवण्याऐवजी लाकडात मुरणारा स्टेन किंवा जवसाचे उकळलेले तेल दिले, तर रेषा दिसत राहतात. मात्र तेलाने माखलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल सुकताना उष्णता बाहेर टाकते आणि ढिगाला आपोआप आग लागू शकते. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात. ग्रिल आणि शटरचा गंज घासून काढल्यावर आधी रेड ऑक्साइड प्रायमर द्यावा.

जुना रंग खरवडताना कोणता धोका?

देशात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाखांत ९० भागांपर्यंत मर्यादित आहे. त्याआधीच्या दारे-खिडक्यांवरील तैलरंगात शिसे जास्त असू शकते. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक ठरते. असा रंग कोरडा न घासता पाणी लावून घासावा, मास्क वापरावा, मुलांना आणि गर्भवतींना दूर ठेवावे. परांची किंवा शिडी विजेच्या तारेजवळ येत असेल, तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय काम सुरू करू नये.

मग यंदाच्या दिवाळीला काय करावे?

काम ठरवताना चौरस फुटाचा दर, किती हात, पुट्टी-प्रायमर धरून की वगळून, हे कागदावर लिहून घ्यावे. पक्के बिल जपून ठेवावे. डब्यावरील वॉरंटी ठरावीक प्रायमर आणि पद्धत वापरली तरच लागू होते. भिंतीतील गळती आणि बांधकामाचे तडे बहुधा त्यात येत नाहीत.

दिवाळी लवकर असेल आणि प्लास्टिकखाली थेंब दिसत असतील, तर सणापुरत्या आतल्या कोरड्या खोल्या आणि लोखंडी ग्रिल रंगवून घ्यावेत. गच्चीची गळती आणि पावसाळी पाइप दुरुस्त करावा. बाहेरच्या रंगाचे पैसे डिसेंबरपर्यंत बाजूला ठेवावेत. सोयाबीनच्या पैशातून घेतलेला तोच डबा तेव्हा कोरड्या भिंतीवर लागेल आणि पुढच्याच दिवाळीला पुन्हा घ्यावा लागण्याची शक्यता कमी होईल.