वाढत्या वयातली हाडं – लेखांक ४ : हात टेकून पडताना

हाड लांब कसं होतं ते मागच्या आठवड्यात पाहिलं. त्याच वाढीच्या दिवसांत ते मोडतंही फार.

स्वीडनमधल्या माल्मो शहरातल्या तीस वर्षांच्या नोंदी तपासून लँडिन यांनी १९८३ साली हिशेब मांडला : वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत ४२ टक्के मुलग्यांचं आणि २७ टक्के मुलींचं एखादं तरी हाड मोडतं. तेव्हा मुलाचा हात मोडला म्हणून आईनं स्वतःला दोष देत बसू नये.

कारण बहुधा साधंच असतं. अंधेरीच्या सोसायटीत उभ्या गाड्यांच्या मधे, पेव्हर ब्लॉकवर क्रिकेट चालू असतं. पाय अडखळतो आणि मूल तळहात टेकून पडतं. सगळा भार मनगटावर येतो, म्हणून मनगटाजवळचं हाड सर्वांत जास्त मोडतं. मुलींत ११-१२ आणि मुलग्यांत १३-१४ या वयात हे प्रमाण शिगेला पोहोचतं. उंची झपाट्यानं वाढते, पण हाडात कॅल्शियम भरायचं काम मागे पडतं. काही काळ हाड लांब, पण कच्चं राहतं. शाळा, क्लास आणि घर यांतच दिवस गेला, ऊन अंगावर पडलंच नाही, तर ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेची त्यात भर पडते.

उंचावरून पडणं याहून गंभीर. दहीहंडीच्या थरांवर १८ वर्षांखालच्यांना चढवू नये, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं होतं. २०१७ साली सरकारनं १४ वर्षांखालच्यांना उतरू देणार नाही, एवढीच हमी दिली. मुलग्यांची हाडं सर्वांत जास्त मोडतात ते तेरा-चौदाचं वय, आणि त्यातलं चौदावं पूर्ण झालेली मुलं या हमीतून सुटतात. घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंतच्या मंडळांनी अठराचीच मर्यादा पाळावी, असं मला मनापासून वाटतं.

पाच ते सात वर्षांची मुलं घसरगुंडीवरून, पलंगावरून पडतात आणि कोपराच्या वरचं हाड मोडतं. तिथे हाड पातळ असतं आणि पुढूनच हाताची मोठी रक्तवाहिनी जाते. कोवळं हाड कधी ओल्या फांदीसारखं एका बाजूनं चिरतं, दुसऱ्या बाजूनं नुसतं वाकतं. मूल बोटं हलवतं, म्हणून घरचे ‘मुका मार आहे’ म्हणतात आणि तेल लावून चोळतात. कोपर असं कधीही चोळू नका. स्नायूत हाड धरतं आणि कोपर आखडतं. हाडवैद्याकडे कामट्या लावून आवळून बांधणं त्याहून घातक. आवळलेल्या पट्टीनं रक्त अडून हात वाकडा होतो, हे जर्मन सर्जन फोल्कमान यांनी १८८१ सालीच लिहून ठेवलं आहे.

घरातली फूटपट्टी किंवा जाड पुठ्ठा सैलसर बांधा, हात झोळीत घ्या आणि जवळचं रुग्णालय गाठा. राजावाडी, कूपर या पालिकेच्या रुग्णालयांत अस्थिरोग विभाग आहेत. प्लास्टर घातल्यावर बोटं निळी किंवा गार पडली, बधिर झाली, किंवा ती सरळ करताना मूल कळवळलं, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री परत जा.