नव्या गाडीचं पहिलं ऑइल

हलकं धान कापून, चुरून, विकून हातात पैसे आले की आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या साकोली-सानगडीच्या भागात नव्या मोटारसायकली दिसू लागतात. दसऱ्याला बुकिंग, धनत्रयोदशीला नाहीतर पाडव्याला गाडी दारात, आणि भाऊबीज आटोपली की मंडयांचा, म्हणजे गावजत्रांचा, मोसम. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची; दिवसा दंडार, रात्रभर नाटक. नवी गाडी घेतलेला पोरगा अशा दिवसांत घरी बसत नाही. गाडीचे पहिले पाचशे किलोमीटर तो याच फिरण्यात संपवतो, मागे दोन मित्र घेऊन आणि थंडीत गाडी सुरू होताच अॅक्सिलरेटर पिळून. इंजिनाची पुढची तब्येत बरीचशी याच पाचशे किलोमीटरांत घडते. ती नीट घडावी म्हणून करायच्या गोष्टींत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पहिली ऑइल बदली. मला या विषयाचं वेड आहे. मिस्त्रीच्या दुकानात चेंबरचा नट सुटताना दिसला की मी अजूनही थांबतो.

आधी नव्या इंजिनात काय चाललेलं असतं ते पाहू. सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल असा बहुतेकांचा समज असतो. तशी ती मुद्दाम ठेवलेली नसते. कारखान्यात शेवटचा हात फिरवताना होनिंगच्या दगडांनी त्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या, बारीक रेघा पाडतात. त्या रेघांच्या खोलगटात ऑइल टिकतं. रेघांच्या मधले उंचवटे मात्र पिस्टनच्या रिंगांनी घासून सपाट व्हायचे असतात. ते सपाट झाले की रिंग भिंतीला सगळीकडून सारखी टेकते, वरचा दाब खाली गळत नाही आणि खालचं ऑइल वर जाऊन जळत नाही. आजी जात्याला टाकी लावून घ्यायची तेव्हा पहिल्या दळणाचं पीठ घरात खाऊ द्यायची नाही, ते गुरांना जायचं, कारण त्यात दगडाची कच असायची. इंजिनाचं पहिलं ऑइल म्हणजे ते पहिलं पीठ.

या ऑइलमध्ये एकट्या सिलिंडरची कच नसते. आपल्या मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. गिअरचे दात एकमेकांत बसताना लोखंडाचा कीस सोडतात, क्लचच्या प्लेटी आपला काळसर भुगा सोडतात, आणि जोडणीच्या वेळी कडेला दाबून बाहेर आलेल्या गास्केट-पेस्टचे तुकडेही कधीकधी सापडतात. पाचशे किलोमीटरनंतरचं ऑइल उन्हात पांढऱ्या भांड्यात धरून पाहा. काळपट तपकिरी रंगात चांदीसारखी बारीक चमक हलताना दिसते. पाहणारा पहिल्यांदा घाबरतो. घाबरायचं कारण नाही, ही चमक अपेक्षितच आहे. कापडात गुंडाळलेलं चुंबक त्यात फिरवलं की लोखंडाचा कीस त्याला चिकटतो आणि अॅल्युमिनियमचा तसाच राहतो. हाताला लागेल असा किसाचा तुकडा किंवा टवका निघाला, तर मात्र गाडी तिथेच थांबवून कंपनीच्या माणसाला दाखवायची.

आता माझ्या आवडीच्या जागेकडे येतो, ती म्हणजे फिल्टर. "ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला" असं सरसकट सांगितलं जातं. पण आमच्या भागात सर्वांत जास्त दिसणाऱ्या स्प्लेंडरमध्ये बदलायचा कागदी फिल्टर नसतोच. असं सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने पाहतात. तिच्यात ऑइल गाळण्याच्या दोन जागा आहेत. एक म्हणजे तळाजवळची तारेची जाळी, जी फक्त मोठा कचरा अडवते. दुसरी जागा खरी कमालीची आहे. क्रँकच्या उजव्या टोकाला एक छोटी डबी बसवलेली असते आणि ती क्रँकबरोबर गरगर फिरते. पंपाने चढवलेलं ऑइल त्या डबीतून जातं. फिरण्याच्या जोराने ऑइलपेक्षा जड असलेले कण बाहेरच्या भिंतीकडे फेकले जाऊन तिथेच चिकटतात, आणि मधलं स्वच्छ ऑइल पुढे क्रँककडे जातं. कागद नाही, कापड नाही, बदलायचा सुटा भाग नाही.

हा जोर किती असतो याचा मी एकदा हिशेब मांडला. चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला हे इंजिन मिनिटाला सुमारे चार हजार फेरे घेतं. डबीची त्रिज्या दोन ते अडीच सेंटीमीटर धरली तर तिच्या भिंतीजवळच्या कणावर गुरुत्वाकर्षणाच्या साडेतीनशे ते साडेचारशे पट जोर पडतो. फेरे दुप्पट झाले की जोर चौपट होतो. म्हणजे इंजिन जितकं जोरात फिरेल आणि जितका जास्त कीस सुटेल, तितका हा फिल्टर जास्त ताकदीने गाळतो. साकोलीतल्या एका जुन्या मिस्त्रींनी खूप वर्षं चाललेल्या गाडीची डबी माझ्यासमोर उघडली होती. आत भिंतीला घट्ट, काळा, मेणासारखा थर बसला होता. नखाने खरवडला तर बोटावर करडी चमक आली. गाडीच्या साऱ्या आयुष्यातली झीज तिथे एका वर्तुळात साठली होती. मिस्त्री म्हणाले, "हे घाण क्रँकच्या बेअरिंगात गेली असती तर गाडी केव्हाच बोलली असती." यंत्रातला इतका साधा आणि इतका बुद्धीचा भाग मी दुसरा पाहिलेला नाही.

पण या डबीपर्यंत पोचायचं तर उजवं कव्हर उघडावं लागतं आणि गास्केट नवं टाकावं लागतं. म्हणून पहिल्या सर्व्हिसिंगला ती उघडायचा आग्रह धरू नये. पुस्तिकेत तिच्या सफाईचं अंतर दिलेलं असतं, ते पाळावं. पहिल्या वेळी ऑइल बदललं की काम झालं. पल्सरसारख्या गाड्यांत मात्र कागदी फिल्टर असतो. तिथे ऑइलबरोबर फिल्टर बदललाच पाहिजे, नाहीतर जुन्या कागदात अडकलेला कीस तसाच राहून नव्या ऑइलला पहिल्या दिवसापासून त्यातूनच जावं लागतं. फिल्टर उलटा बसवला किंवा त्याची रबरी रिंग नीट बसली नाही तर ऑइल न गाळताच पुढे जाऊ शकतं किंवा त्याची वाट अडू शकते. जुन्या लोखंडी सिलिंडरच्या बुलेटचा मामला आणखी वेगळा. तिचं ऑइल इंजिनाच्याच वेगळ्या कप्प्यात आणि फिल्टर नमद्याचा. तिच्यावर स्वतंत्र लेख होईल.

इतिहास थोडक्यात सांगतो. इंजिनाच्या ऑइलसाठी फिल्टर हवा ही गोष्ट १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँडने 'प्युरोलेटर' काढला तेव्हापासून रुजली. आपल्याकडे १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि चार-स्ट्रोक गाडी घरोघर पोचू लागली. त्याआधीच्या राजदूत आणि येझदी दोन-स्ट्रोक, त्यांचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून जळायचं, त्यामुळे इंजिनाचं ऑइल बदलायचा प्रश्नच नव्हता.  इतका इतिहास पुरे.

सीडी १०० च्या जाहिरातीबद्दल मात्र बोललंच पाहिजे. 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' हे वाक्य त्या पिढीला पाठ होतं. ते पेट्रोलबद्दल होतं, एकदा टाकी भरा आणि विसरा. आमच्याकडे लोकांनी ते ऑइललाही लावलं. दोन-स्ट्रोकची सवय आणि ही जाहिरात, दोन्ही मिळून 'चार-स्ट्रोकला ऑइल पाहावं लागत नाही' असा समज गावोगाव पसरला, आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही असं माझं मत आहे.

आमच्या जिल्ह्यात तरी हा समज राहायला नको. लाखनीजवळ गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून आहे आणि तिथे ट्रकांचे गिअरबॉक्स बनतात. धातूला धातू घासून कीस सुटतो आणि तो वेळीच काढला पाहिजे हे जाणणारी माणसं आपल्याच गावांतून तिथे कामाला जातात. घरात असा कुणी असेल तर नवी गाडी आणताना त्याला जरूर विचारा.

गाडी बसवायची कशी यावर घरोघर एकच सल्ला मिळतो: चाळीसच्या वर नेऊ नको. त्यात अर्धंच खरं आहे. रिंग भिंतीला दाबून बसते ती स्वतःच्या ताणाने आणि तिच्या मागे शिरणाऱ्या जळत्या वायूच्या दाबाने. म्हणून अगदी हळू, वरच्या गिअरमध्ये, इंजिन कण्हत चालवलं तर रिंग नीट बसत नाही आणि बेअरिंगवर मात्र भार येतो. सानगडीच्या टेकडीवर सहानगड किल्ला आहे. त्या बाजूचा चढ ट्रिपलसीट, चौथ्या गिअरमध्ये, तीसच्या वेगाने चढणारी नवी गाडी पाहिली की मला राहवत नाही. वेग कमी आहे म्हणून चालवणारा निर्धास्त असतो आणि इंजिन धडधडत असतं. गिअर उतरवा, एक माणूस उतरवा. तसंच साकोलीच्या हायवेला लागून भंडाऱ्यापर्यंत एकाच वेगाने जाणंही चांगलं नाही. वेग कमीजास्त करत राहायचं, मधे थांबायचं, कंपनीने दिलेली मर्यादा ओलांडायची नाही. पहिल्या महिन्यात धानाचा कट्टा नव्या गाडीवर लादायचा नाही. घरी दुसरी गाडी असेल तर त्या कामाला ती न्यावी.

पुस्तिकेत बहुतेक कंपन्या पहिल्या सर्व्हिसिंगसाठी ५०० ते ७५० किलोमीटर किंवा ठराविक दिवस, यांपैकी जे आधी होईल ते, असं लिहितात. काही कंपन्या एक हजार किलोमीटर सांगतात. दिवसांची ती अट आमच्या भागासाठी फार महत्त्वाची आहे. ज्याची गाडी घर ते धानाची बांधी आणि बांधी ते घर इतकीच फिरते, त्याचे किलोमीटर भरत नाहीत. पण अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, आत वाफेचं पाणी साचतं, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. मीटरवर तीनशे असले तरी मुदत संपली की ऑइल बदलायचं.

माझ्या भाच्याने मागे गाडी घेतली तेव्हा मी त्याच्याबरोबर गेलो होतो. "मामाजी, फ्री सर्व्हिसिंग आहे, पैसे कशाचे?" हा त्याचा पहिला प्रश्न. फ्री असते ती मजुरी, ऑइलचे पैसे लागतात. ते काही शे रुपये वाचवायला अनेक जण "ऑइल राहू द्या, चांगलं दिसतंय" म्हणतात. दुसरीकडे, एका सर्व्हिस सेंटरमध्ये बिलावर ऑइल लिहिलेलं असूनही गेजच्या काडीवर काळं ऑइल आलेलं मी स्वतः पाहिलं आहे. बोलल्यावर त्यांनी बदलून दिलं. म्हणून तिथे उभं राहावं. गाडी दोन-तीन मिनिटं चालवून कोमट झालेली असावी, म्हणजे ऑइल पातळ होऊन कीस घेऊन निघतं. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर असावी. नट सुटल्यावर धार थांबून थेंबावर येईपर्यंत घाई करू देऊ नये. नटाचं वायसर दबलेलं असेल तर नवं घालावं, आणि नट जोर लावून आवळू देऊ नये, कारण चेंबर अॅल्युमिनियमचं असतं आणि आटे गेले की खर्च मोठा येतो. नवं ऑइल डब्यातून सरळ ओतू नये, मापाने भरावं, कारण थोडं जुनं आत राहतंच. जास्त भरलं तर फेस होतो आणि इंजिन जड चालतं. गाडी थोडी चालवून, बंद करून, काही मिनिटांनी पातळी पुन्हा पाहावी. स्प्लेंडरची काडी आटे न फिरवता नुसती टेकवून मोजतात, हे बऱ्याच पोरांना माहीत नसतं.

ऑइल कुठलं, यावर मी कधीच तडजोड करत नाही. पुस्तिकेत लिहिलेली ग्रेडच. स्प्लेंडरला १० डब्ल्यू ३०, जुन्या पल्सरला २० डब्ल्यू ५०, नव्या बुलेटला १५ डब्ल्यू ५०. त्याबरोबर डब्यावर 'जासो एमए' ही खूण पाहायची. हे जपानी मानक १९९८ साली आलं ते ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीच. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात, त्याने मोटारसायकलचा क्लच घसरतो. धान मळायच्या दिवसांत ट्रॅक्टरसाठी आणलेला मोठा डबा घरात असतो आणि त्यातलंच लिटरभर गाडीत जातं, हे मी गावोगाव पाहिलं आहे. डब्यावर ती खूण नसेल तर क्लच धरेल याची हमी नाही.

राहिलं जुनं ऑइल. आमच्याकडे ते वाया घालवत नाहीत, वासे आणि दारांच्या चौकटींना वाळवी लागू नये म्हणून फासतात. पण उरलेलं कुठे जातं ते पाहायला हवं. हा तलावांचा जिल्हा आहे. कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी, यांच्यावर इथलं धान उभं राहतं, मासे आणि शिंगाडे त्यातच होतात. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. त्यामुळे घरी ऑइल बदललं तर ते जुन्याच डब्यात भरून मिस्त्रीकडे किंवा सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या, तिथून ते ड्रमने विकत घेणारे घेऊन जातात. बोडीच्या काठावर किंवा नालीत ओतू नका. आणि या पाडव्याला ज्यांच्या दारात नवी गाडी येईल त्यांनी पुस्तिकेतली पहिल्या सर्व्हिसिंगची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवावी.