लकवा की लकव्याचं सोंग?

तोंड अचानक वाकडं होतं, बोलणं बोबडं होतं, एक हात लुळा पडतो. घरातले म्हणतात, लकवा मारला. बहुतेकदा ते खरंही असतं. पण रक्तातली साखर एकदम उतरली, फिट येऊन गेली किंवा अर्धशिशी उसळली, तरी असंच सोंग वठतं. म्हणूनच रुग्णालयात आधी बोटाला सुई टोचून साखर पाहतात. तिचा खुलासा मिनिटभरात होतो.

पाठोपाठ सीटी स्कॅन. त्याचं पहिलं काम मेंदूतला रक्तस्राव शोधणं. ताजं रक्त त्यात पांढरं दिसतं. रक्तस्राव असताना गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं, तर ते जिवावर बेतू शकतं. मात्र गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात पहिले काही तास सीटी चक्क नॉर्मल येऊ शकतो. फिटनंतरच्या तात्पुरत्या लुळेपणातही तो सहसा नॉर्मलच असतो. मग ओळखायचं कसं?

इथे एमआरआयची 'डिफ्युजन' पद्धत कामी येते. ती पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपते. रक्तपुरवठा तुटला की सोडियम बाहेर फेकणारे पेशींचे पंप बंद पडतात. सोडियमपाठोपाठ पाणी आत शिरतं, पेशी फुगतात, त्यांच्यामधली जागा आक्रसते. पाण्याला फिरायला वाव उरत नाही आणि तो भाग चित्रात उजळतो. सीटीत काही दिसण्याच्या कितीतरी आधी हा बदल दिसू लागतो.

तरीही उजळलेला प्रत्येक डाग पक्षाघाताचा नसतो. साखर फार उतरली किंवा फिट लांबली, तरी मेंदू असाच उजळू शकतो. तेव्हा डागाची जागा पाहिली जाते. तो एकाच रक्तवाहिनीच्या हद्दीत बसत असेल, तर पक्षाघाताचा संशय बळावतो. हद्द ओलांडून पसरला असेल, तर दुसरी कारणं तपासावी लागतात. उलट, मेंदूच्या मागच्या भागातला छोटा पक्षाघात सुरुवातीला एमआरआयलाही हुलकावणी देतो. त्यामुळे रुग्णाला प्रत्यक्ष तपासणारा डॉक्टर यंत्राइतकाच महत्त्वाचा.

गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी साधारण साडेचार तासांची मुदत असते. खरं की सोंग, याचा निवाडा घरी करत बसू नका. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा, मनाने अॅस्पिरिन देऊ नका आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय तातडीने गाठा.