लहान मोटारीचे हादरे कमी कसे करावेत?

गाडीच्या भाराखाली स्प्रिंग जितकी अधिक दबते, तितके गाडीचे आंदोलन संथ होते. २५ सेंटिमीटर दबणाऱ्या स्प्रिंगवर गाडी सेकंदास एक हेलकावा घेते; सुमारे ६ सेंटिमीटर दबणाऱ्या स्प्रिंगवर दोन. म्हणजेच आंदोलन निम्म्याने संथ करावयाचे, तर दाब चौपट हवा.

लहान गाडीत इतकी जागा नसते. शिवाय चार माणसे बसताच तिच्या भारात मोठी वाढ होते. १९५९ साली इंग्लंडात निघालेल्या ‘मिनी’ गाडीत अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी पोलादी स्प्रिंगऐवजी रबराचे शंकू योजिले. रबर दबत जाते तसतसे अधिक ताठ होते, हा त्याचा गुण येथे उपयोगी पडला.

काही मालक पुढे या शंकूंच्या जागी पोलादी स्प्रिंगा बसवितात. त्यामुळे हादरे कमी होतात खरे. परंतु साधी स्प्रिंग दबताना ताठ होत नाही आणि भरलेली गाडी खड्ड्यात तळाशी आदळू शकते. धक्काशोषकही नव्या स्प्रिंगेस अनुरूप हवा. तो फार ताठ असल्यास मऊपणाचा लाभ मिळत नाही. फार ढिला असल्यास गाडी डोलत राहते व चाकाची पकड सुटते.

म्हणून भरलेल्या गाडीत चाकास वर सरकण्यास किती वाव उरतो, हे मोजल्यावाचून स्प्रिंग बदलू नये.