कुंपण आणि खड्डा

आमचे मिशिगनमधले घर कोपऱ्यावरचे. तीन वर्षांची लेक चेंडूमागे थेट रस्त्यावर धावली, गाडी कशीबशी थांबली, आणि मी तारेच्या जाळीचे कुंपण, म्हणजे चेन लिंक फेन्स, स्वतःच घालायला घेतले.

खणण्यापूर्वी ८११ ला फोन करावा. जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइन्स फुकट आखून देतात. परवाना आणि हद्दीचा नकाशाही पाहावा. कोपऱ्याचे आणि फाटकाचे खांब जाड, मधले बारीक. दोन खांबांत फार तर १० फूट अंतर.

इंजिनिअरिंगची डॉक्टरेट असूनही मी खड्डे दोनच फूट खणले. हिवाळ्यात ओली माती गोठून फुगते, काँक्रीटला धरून खांब वर उचलते. वसंतात फाटकाची कडी बसेना आणि एके दिवशी लेक ते ढकलून पुन्हा बाहेर! शेजारच्या आजींनी तिला धरून आणले.

इथे पाया ४२ इंच खोल नेतात. मग मीही तेवढे खणले. खड्डा तळाशी रुंद ठेवला, म्हणजे बर्फाला खांब उपसता येत नाही. काँक्रीट दोन दिवस वाळू दिले. जाळीच्या टोकाच्या घरांतून सपाट पट्टी ओवून ती यंत्राने ताणली. शेजारशेजारच्या दोन तारा चिमटीत दाबल्यावर पाव इंचच हलल्या, तर ताण बरोबर.

त्यानंतर एक हिवाळा गेला. कडी अजून नीट बसते. मंडळी, घाई करायचीच तर जाळीत करा, खड्ड्यात नको!